भातुकलीच्या कपबशांची फिर्याद

इतक्या वर्षांच्या नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, जत्रेतल्या मारामाऱ्या निस्तरल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण विसरू म्हणता विसरत नाही, ती केस बोटभर उंचीच्या कपबशांची आहे. सांगितलं की ऐकणारे हसतात. हसू दे. पहिल्या दिवशी मीही मनात हसलो होतो, आणि तिथंच चुकलो.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मी धारवाडला एका पोलीस स्टेशनचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. मळमड्डीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका फिर्याद द्यायला आल्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं. माझा हेड कॉन्स्टेबल त्यांचाच विद्यार्थी. तो जो उठून उभा राहिला, तो त्या जाईपर्यंत बसला नाही. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही इथं तेच म्हणतो.

"चोरी झालीय," बाई म्हणाल्या. "माझा टी-सेट गेलाय."

"चांदीचा का?"

"चिनी मातीचा. भातुकलीचा."

मी पेन खाली ठेवलं. हेड कॉन्स्टेबलकडं बघायचं टाळलं, नाहीतर दोघंही हसलो असतो. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पेन उचला, साहेब. चोरीला गेलेल्या वस्तूचा आकार बघून फिर्याद घ्यायची असा नियम असेल तर तसं सांगा, मी घरी जाते."

पेन उचललं. फिर्यादीत मालाचं वर्णन लिहावं लागतं. बाईंनी ते शुद्धलेखन घालावं तसं घातलं. एक चहाची किटली, मुठीत मावेल एवढी. एक दुधाचं भांडं, एक झाकणाचं साखरेचं भांडं, सहा कप, सहा बशा. पांढऱ्या मातीवर तपकिरी रेघांची चित्रं: झगा घातलेली मुलगी, तिचं मांजर, दोन बदकं. झगा लाल, बदकांच्या चोची पिवळ्या. कडेला आणि कानांना सोनेरी रेघ.

इंग्रजांचं राज्य संपलं तेव्हा एका इंग्रज कुटुंबानं जाताना घरातलं सामान लिलावात काढलं. बाईंच्या वडलांनी त्यातून हा सेट दोन मुलींसाठी आणला. थोरली मुलगी पुढं नवव्या वर्षी तापानं गेली. "ताई त्या किटलीतून मला गुळाचं पाणी ओतून द्यायची," बाई म्हणाल्या. "तिचं माझ्याकडं दुसरं काही नाही. फोटोसुद्धा नाही." एवढं सांगून त्यांनी सही केली. आवाज कुठंही हलला नाही.

आमच्याकडं कानडी घरांतून नवरात्रात बाहुल्या मांडतात, तशी मराठी घरांतून चैत्रात गौर बसते आणि तिच्यापुढं आरास मांडतात. घरातलं जे जे देखणं, ते त्या दिवशी बाहेर निघतं. बाईंच्या गौरीपुढं हा सेट असायचा. हळदीकुंकू पाच दिवसांवर आलं होतं, म्हणून त्यांनी पेटी काढली, तर आत नुसता कापूस आणि जुन्या रेशमी साडीचा तुकडा.

"संशय कुणावर?"

"घरात तिघी. मी, माझी सून आणि सैपाकाच्या अक्का. मुलगा कामानिमित्त गोव्यात असतो. मी दोन दिवस बेळगावला गेले होते. सून घरची. आता तुम्हीच बघा."

'सून घरची' या दोन शब्दांत त्यांनी संशयित नेमून दिला होता. फिर्यादी बहुतेक वेळा असंच करतात. नाव घेत नाहीत, बाकीच्यांची नावं खोडतात.

घरी जाऊन पंचनामा केला. कपाटाचं कुलूप शाबूत. किल्ली देवघरामागच्या खिळ्याला, घरातल्या कुणालाही मिळावी अशी. सून नवी होती, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, सप्तापूरजवळच्या एका कॉलेजात शिकवायची. तिनं आम्हाला चहा आणला तेव्हा ट्रेमधल्या कपबशा खडखड वाजत होत्या. मी ते पाहिलं. वाटलं, नवी मुलगी आहे, वर्दी बघून घाबरली. माझी नजर तयार आहे असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे!

शेजारच्या बाईंनी बातमी दिली. परवा दुपारी अक्का एक कापडी पिशवी छातीशी धरून, तान्हं मूल न्यावं तशी जपून घेऊन चालल्या होत्या.

झालं. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं?

अक्का पन्नाशीच्या, विधवा, मूलबाळ नाही. मळमड्डीत पाच घरी सैपाक करायच्या. जीप त्यांच्या तिसऱ्या घरासमोर थांबली तेव्हा त्या कणीक मळत होत्या. महिला कॉन्स्टेबल आत गेली आणि त्यांना तशीच घेऊन बाहेर आली. हात धुवायलाही वेळ दिला नाही. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं. एक रिक्षावाला रिक्षा बंद करून बघत उभा राहिला. कायद्याप्रमाणं कुठल्याही बाईला चौकशीसाठी स्टेशनात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो. आम्हाला हे पाठ होतं आणि आम्ही ते सोयीनं विसरत होतो. हे मी आज लिहितोय, त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"पिशवीत काय होतं, अक्का?"

अक्का हाताची वाळलेली कणीक खरवडू लागल्या.

"सेट कुठं आहे?"

"मी चोरी केली नाही, साहेब."

"ते मी विचारलं नाही. पिशवीत काय होतं?"

"त्याच्यापुढचं विचारू नका. मी सांगायची नाही."

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला परवडतो. खोट्याला कुठं ना कुठं टोक असतं, ते धरून ओढलं की सगळं उसवतं. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? मी आवाज चढवला, उतरवला, चहा दिला, तुरुंगाची भीती घातली. महिला कॉन्स्टेबलनं कानडीतून समजावलं, "सांगून टाका अक्का, सुटाल." अक्का टेबलावरच्या कणकेच्या वाळक्या कण्या बोटानं गोळा करत बसल्या. त्यांच्याच हाताच्या पडलेल्या. संध्याकाळी त्यांना सोडलं, आणि डायरीत मी लिहिलं, 'संशयित माहिती दडवत आहे.' ते मात्र खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अक्का स्वतःच चालत आल्या.

"जीप पाठवू नका म्हणून आले," म्हणाल्या. मग बाकावर बसून, कुणी विचारलं नसताना, बोलल्या. "बाईंचं घर तर गेलंच. बाकीच्या चौघींनीही सांगून पाठवलंय, उद्यापासून येऊ नका. वीस वर्षं झाली, साहेब. कुणाच्या घरची किल्ली माझ्याकडं असते. कुणाच्या बाळंतिणीचं पथ्य मी सांभाळलंय. चोरटी म्हटल्यावर माझ्या हातचं खाणार कोण? पोळपाट-लाटणं सोडून मला दुसरं काय येतं?"

"मग सांगा की पिशवीत काय होतं!"

"नाही सांगता येत, हो."

मला भयंकर राग आला. ही अक्का स्वतःच्या पोटावर पाय देते आणि तोंड उघडत नाही, म्हणजे नक्की पाणी मुरतंय, असा हिशेब मी केला. पाणी मुरत होतंच, फक्त मी समजत होतो तिथं नाही.

हुबळीच्या दाजीबानपेठेत एक मराठी कापडव्यापारी होते. त्यांच्या आजोबांनी कोल्हापूरकडून येऊन दुकान घातलेलं. धंदा कापडाचा, नाद जुन्या चिनी मातीचा. दोन महिन्यांपूर्वी ते बाईंचा सेट बघायला येऊन गेले होते, असं पंचनाम्याच्या वेळी कळलं होतं. म्हणून हुबळीला गेलो. चोरीचा माल घेणारा म्हणून मी त्यांच्याकडं बघत होतो, आणि ते मला गिऱ्हाईक समजल्यासारखे कपाटातून एकेक बशी काढून दाखवत होते.

"गेलो होतो की. बाईंनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. एक कप दुरून दाखवला, तेवढाच. काय वस्तू आहे, साहेब! हे बघा, माझ्याकडचंही त्याच जातीचं." त्यांनी एक बशी उन्हात धरली. "ह्या तपकिरी रेघा आहेत ना, त्या आधी पातळ कागदावर छापतात, कागद भांड्याला चिकटवतात, मग वरून काचेचा थर चढवून भाजतात. रेघा थराखाली गेल्या, शंभर वर्षं जात नाहीत. हा कागदाचा सांधा, कानाच्या मागं लपवलाय बघा, मांजराची शेपटी जुळली नाही. लाल-पिवळं मात्र वरून, हातानं भरलेलं. आणि सोनं सगळ्यात शेवटी. ते फार नाजूक. ओल्या फडक्यानं पुसायचं, बास."

मी ऐकून घेतलं आणि वेळ गेला म्हणत परत आलो. त्यांच्या दुकानात, मागच्या गोदामात कुठंही सेट नव्हता. माणूसही चोरीच्या मालाला हात लावणाऱ्यातला वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या बीटच्या कॉन्स्टेबलनं बातमी आणली. अक्का राहायच्या त्याच गल्लीत एक गणपती करणारा होता. त्याच्या फळीवर लहान लहान कप वाळत ठेवलेत म्हणे.

गेलो. खरंच होते. सगळे मोजून पुरे, एकही फुटलेला नाही. मूर्तिकार कानडी माणूस, साठीचा, मराठी बोलायचा.

"कुणी आणून दिलं?"

"अक्कांनी, साहेब."

हेड कॉन्स्टेबलनं माझ्याकडं बघून मान हलवली. माल मिळाला, आणणाऱ्याचं नाव मिळालं, केस संपली. मुद्देमाल जप्त करायला पंच बोलावले. मी एक कप उचलला. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता, बोटाला चिकटला. कडेला झगझगीत सोनेरी, गणपतीच्या मुकुटाला असते तशी. झगा लालभडक. आणि त्या इंग्रज पोरीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू.

"हे काय?"

मूर्तिकार ओशाळला. "कपाळ मोकळं दिसलं, हात आपोआप गेला, साहेब. गौरीपुढं ठेवायच्या वस्तूत मुलगी बिनकुंकवाची कशी ठेवायची?"

"गौरीपुढं ठेवायच्या, हे तुला कुणी सांगितलं?"

"अक्काच म्हणाल्या की. हळदीकुंकवाच्या आधी वाळलं पाहिजे म्हणून रोज विचारून जात होत्या. जप्ती कशाची साहेब? चोरीचं आहे का हे?"

मी पंचांना थांबायला सांगून त्याच्या ओट्यावर बसलो. ज्या घरातून चोरायचं, त्याच घरच्या गौरीपुढं वेळेत परत मांडायला रंगवून घ्यायचं? अशी चोरी मी ऐकली नव्हती.

जप्ती केली आणि तसाच हुबळीला गेलो. व्यापाऱ्यानं किटली हातात घेतली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरेरे! काय केलं हो हे! ऑइल पेंट? आणि सोनेरी वार्निश? वाट लावली की!" मग भिंग काढून बराच वेळ बघत राहिले. "पण साहेब, रंगवायच्या आधीच वाट लागलेली आहे. मूळचा रंग आणि सोनं कुणीतरी घासून काढलंय. ओरखडे बघा, गोल गोल. तांब्या घासतात तसे. राख आणि चिंच, दुसरं काही नाही."

चोर माल लपवतो, विकतो, फेकून देतो, पण घासत नाही. हे मला तेव्हा कळलं. देवापुढं मांडायचं भांडं राखेनं आणि चिंचेनं लखलखीत घासायचं, ही आमच्या घरांतली रीत. ते काम मोलकरणीकडं किंवा सैपाकाच्या बाईकडं देत नाहीत, घरची बाई करते. बाई स्वतः बेळगावला होत्या. मग घरात उरलं कोण?

संध्याकाळी मळमड्डीला गेलो. बाईंच्या समोर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक वस्तू मांडली. सून दाराशी उभी होती. बाईंनी किटली उचलली, फिरवली, खाली ठेवली.

"हा माझा सेट नाही."

"तुमचाच आहे, आई." सून म्हणाली. ती दारातून पुढं आली. "मी घासला."

मग ती थांबलीच नाही. बाई बेळगावला गेल्या तेव्हा तिला वाटलं, आल्या की आरास तयार दिसावी, खूश होतील. माहेरी गौरीचं सगळं राखेनंच घासायचे. दोन भांडी घासून झाल्यावर पाण्यात लाल उतरलेलं दिसलं. तिला वाटलं, मळ आहे. सगळी घासून झाल्यावर कळलं की सोनं राहिलेलं नाही. ती न्हाणीघरात बसून रडत होती, तिथं अक्कांनी तिला पाहिलं. गल्लीत गणपती रंगवणारा आहे, चार-पाच दिवसांत होईल, म्हणाल्या आणि सेट घेऊन गेल्या. तिनंच त्यांना गौरीची शपथ घातली होती, मेल्यावरसुद्धा सांगायचं नाही.

"आणि त्यांना जीपमधून नेलं तेव्हा तू कुठं होतीस?" मी विचारलं.

"वर गॅलरीत," ती म्हणाली. "रोज ठरवत होते, आज सांगीन. लग्न होऊन आले त्या दिवशीच आईंनी सांगितलं होतं, या कपाटाला हात लावायचा नाही. ताईंची आठवण मी घासून टाकली, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

बाईंनी एक कप उचलला. कपावरच्या त्या कुंकवाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता सुनेची खैर नाही. पण त्या म्हणाल्या, "मी फिर्याद द्यायला आले तेव्हा तुम्ही मनात हसलात, साहेब. त्याचा मला राग आला होता. आणि मी स्वतः काय केलं? वीस वर्षं जिच्या हातचं जेवले, तिला एकदा समोर बसवून विचारलंसुद्धा नाही." मग डोळ्यांना पदर लावला आणि मुख्याध्यापिका असल्या तरी रडल्या.

दुसऱ्या दिवशी अक्कांना निरोप पाठवला. त्या आल्या. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, चूक झाली. माफ करा." वर्दीत असताना मी असं कुणाला कधी म्हणालो नव्हतो. मला वाटलं, त्या 'असू दे, साहेब' म्हणतील. लोक म्हणतात.

"माफी मागितलीत, बरं केलंत," अक्का म्हणाल्या. "पण इथं मागून काय उपयोग? इथं तुम्ही आणि मीच. चोर ठरवलंत ते गल्लीत."

मला लाज वाटली. टोपी घातली आणि निघालो. जीप घेतली नाही. आम्ही दोघं चालत मळमड्डीत गेलो. बाईंच्या घरापाशी सून फाटकात उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "मीही येते."

चार दारांशी गेलो. प्रत्येक दारात मी सांगायचं, "यांच्यावर कसलाही आरोप नाही, चूक पोलिसांची होती." आणि ती मुलगी सगळ्यांदेखत सांगायची, "सेट मी खराब केला, मी लपवायला लावला." पहिल्या दारी तिनं ते जमिनीकडं बघत सांगितलं. दुसऱ्या दारी मान वर करून. पहिल्या घरी म्हणाले, "अगंबाई, आम्ही कुठं संशय घेतला?" आणि अक्कांना आत घेतलं. दुसऱ्या घरीही उद्यापासून या म्हणाले. तिसऱ्या घरात दुसरी बाई लागली होती. ती आतून पोळ्या लाटता लाटता बघत होती. तिला काढा, असं अक्का म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणालो नाही.

चौथ्या घरच्या बाई दार अर्धं उघडून ऐकत होत्या. आजूबाजूला आठ-दहा माणसं जमलेली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आता साहेब स्वतः सांगतात म्हणून ठेवून घेते."

अक्का पुढं झाल्या.

"साहेब सांगतात म्हणून नको," त्या म्हणाल्या. "मी चोरी केली नाही, म्हणून ठेवा."

त्या बाईंनी दार आणखी उघडलं नाही. अक्का थोडा वेळ वाट बघत उभ्या राहिल्या आणि मग पायऱ्या उतरून खाली आल्या.

केसमध्ये मी 'बी रिपोर्ट' पाठवला, म्हणजे गैरसमजातून झालेली फिर्याद, गुन्हा नाही. दोन परिच्छेदांचा कागद, कोर्टानं लगेच मान्य केला. त्या कागदात घासलेल्या सोन्याचा उल्लेख होता. अक्कांच्या घरांचा नव्हता, तसा रकानाच नाही. त्यानंतर नोकरीत जिथं जिथं गेलो तिथं एक नियम मी स्वतःपुरता पाळला. ज्याला चौकशीसाठी उचललं आणि जो निर्दोष निघाला, त्याला 'जा आता' म्हणून सोडायचं नाही. जिथून उचलला तिथपर्यंत स्वतः चालत जायचं आणि चार लोकांत सांगायचं. सहकारी हसायचे, "साहेब वरात काढतात" म्हणायचे. म्हणू दे. आणि गप्प माणसाला मी नंतर कधी गुन्हेगार धरलं नाही. तो स्वतःला वाचवत नसेल, दुसऱ्या कुणाला वाचवत असेल, हे आधी तपासलं. काही वेळा तसंच निघालं.

बाईंनी अक्कांच्या खोलीवर जाऊन माफी मागितली आणि परत या म्हणाल्या. अक्का त्यांच्याकडं परत गेल्या, पण लगेच नाही, दिवाळीनंतर. सुनेला मात्र त्या आधीपासूनच भेटत होत्या. चौथ्या घरच्या बाई दीड-दोन महिन्यांनी स्वतः त्यांच्या खोलीवर गेल्या, हे मला हेड कॉन्स्टेबलनं सांगितलं. म्हणाल्या, "अक्का, माझं चुकलं. तुम्ही चोरी केली नाही, म्हणून बोलवायला आलेय." अक्कांनी त्यांना बसवलं, चहा करून दिला, मुलाबाळांची चौकशी केली. आणि मग सांगितलं की आता आपल्याला वेळ नाही.